तटाच्या कुशीतील गल्ल्या

मूल गावाहून चंद्रपुरास जाणारा रस्ता सुमारे ४५ किलोमीटरांचा आहे. वाटेत साग, मोह आणि पळस यांचे रान लागते. मधूनच धानाच्या बांध्या आणि एखादे मालगुजारी तळे दिसते. पुढे क्षितिजावर वीजकेंद्राची उंच धुराडी दिसू लागली, की शहर जवळ आले हे कळते. मूलची माणसे या रस्त्याने नेहमी ये-जा करतात. कोणाचे जिल्हा कचेरीत काम असते, कोणास दवाखान्यात दाखवायचे असते, कोणास लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. काम आटोपले, की सायंकाळच्या गाडीने ती परततात. अशा एखाद्यास "चंद्रपूर पाहिले काय?" असे विचारावे, तर तो हसून "शेकडो वेळा पाहिले" असे सांगेल, आणि तरीही त्याने जुने चंद्रपूर पाहिलेले नसेल. ते नगर हमरस्त्यावरून दिसत नाही. दगडी तटाच्या कुशीत, अरुंद गल्ल्यांच्या आधाराने ते वसले आहे. ज्याला पायी चालण्याची आवड आहे आणि थोडा वेळ हाताशी आहे, त्यालाच ते आपली ओळख देते.

या नगराचे पूर्वीचे नाव चांदा. इंग्रजी अमदानीत आणि त्यानंतरही काही वर्षे सरकारी कागदांवर हेच नाव होते. १९६४ च्या सुमारास 'चंद्रपूर' हे नाव अधिकृत झाले. पण आसपासच्या खेड्यांतील वृद्ध माणसे अजूनही "चांद्याला जाऊन येतो" असेच म्हणतात.

चांद्याच्या स्थापनेची एक सुरस आख्यायिका आहे. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशाह नावाचा गोंड राजा बल्लारपूर येथे राज्य करीत होता. त्याच्या अंगावर गळवे उठली होती आणि कोणत्याही औषधाने ती बरी होत नव्हती. एके दिवशी रानात हिंडताना त्यास तहान लागली. झरपट नदीचे पात्र कोरडे पडले होते. मात्र एका खळग्यात थोडे पाणी साचलेले होते. राजाने ते पाणी पिऊन हातपाय धुतले. त्या रात्री कित्येक दिवसांनी त्यास शांत झोप लागली आणि पाहतात तो गळवे ओसरू लागलेली! त्या जागी पुढे अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले.

देवळाचे काम पाहून राजा एकदा परतत असता त्यास एक नवल दिसले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करीत होता! कधी मोठे वळण घेत, कधी नागमोडी धावत दोघांनी बराच मोठा फेरा घातला. शेवटी कुत्रा उलटला आणि झटापटीत त्याने सशास ठार केले. राजाने घरी येऊन ही हकीकत राणीस सांगितली. राणी मोठी चतुर होती. ती म्हणाली, "महाराज, हा शुभशकुन समजावा. ससा ज्या वाटेने धावला, त्या वाटेवर तट बांधावा आणि आत नगर वसवावे. मात्र जेथे तो ससा पडला, ती जागा धोक्याची आहे. तेथे पहारा अधिक कडक ठेवावा."

कुत्र्याचा पाठलाग करणाऱ्या सशाची कथा विजयनगर आणि अहमदाबाद या नगरांविषयीही सांगितली जाते. तेव्हा तिला इतिहास म्हणता येणार नाही. परंतु राणीचा सल्ला मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तट कितीही भक्कम असो, त्यात एखादी तरी धोक्याची जागा असतेच. ती ओळखून जो सावध राहतो, त्याचेच नगर टिकते.

चांद्याचा तट एका राजाच्या हयातीत पुरा झाला नाही. पायाचे दगड एकाने बसवले, भिंती दुसऱ्याने उंचावल्या आणि काम शेवटास नेले ते पुढच्या पिढ्यांनी. नगराच्या पश्चिमेस इरई नदी वाहते आणि पूर्वेस झरपट. दक्षिणेकडे या दोघी एकमेकींस मिळतात. या दोन नद्यांच्या मधल्या भूमीवर तटाने कित्येक किलोमीटरांचा फेरा घेतला आहे. त्यास चार दिशांना चार दरवाजे आहेत : उत्तरेस जटपुरा, दक्षिणेस पठाणपुरा, पश्चिमेस बिनबा आणि पूर्वेस अचलेश्वर. दरवाज्यांवर दगडात कोरलेले एक चिन्ह दिसते. बलाढ्य हत्तीवर मात करणारा सिंह त्यात दाखवला आहे. हे गोंड राजांचे राजचिन्ह होय.

चार दरवाज्यांखेरीज तटाला पाच 'खिडक्या' आहेत. येथे खिडकी म्हणजे हवा-उजेडासाठी भिंतीत ठेवलेली चौकट नव्हे. तटातून पायी ये-जा करण्यासाठी ठेवलेले ते लहान दार असते. बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, मसण खिडकी आणि चोर खिडकी अशी त्यांची नावे आहेत. ही नावे मोठ्याने म्हणून पाहिली, तर जुन्या नगराचे अवघे जीवन त्यांत साठवलेले आढळते. त्यांत देवांची नावे आहेत, मृत्यूचे नाव आहे आणि गुपचूप निसटण्याच्या वाटेचेही नाव आहे. नगररचनेचा एखादा जुना नकाशा हरवला तरी चालेल. पण अशी नावे लोकांच्या तोंडून जाता कामा नयेत.

जटपुरा दरवाज्यापाशी उभे राहिले, की जुने आणि नवे यांची गाठ कशी पडते ते दिसते. राजाच्या काळी ज्या कमानीखालून बैलगाड्या आणि पालख्या गेल्या, तिच्याखालून आज मोटारी आणि सायकली जातात. दरवाजा काही रुंद झालेला नाही. वाहने मात्र वाढली आहेत. त्यामुळे कमानीशी नेहमी खोळंबा होतो आणि माणसे कपाळाला आठ्या घालून दरवाज्यालाच दोष देतात. पायी चालणाऱ्यास ही अडचण नसते. तो कमानीच्या सावलीत क्षणभर थांबतो, वरचे राजचिन्ह पाहतो आणि आत शिरतो. आत जाणारा मोठा रस्ता दुकानांनी गजबजलेला आहे. तो सोडून बाजूच्या गल्लीत वळावे, की दहा पावलांतच कोलाहल मागे पडतो.

येथील काही गल्ल्या इतक्या अरुंद आहेत, की समोरून सायकल आली तर माणसास अंग चोरून उभे राहावे लागते. घरांना घरे लागलेली असतात. एखादे जुने कौलारू घर अजून लाकडी खांबांवर तग धरून असते आणि त्याच्या शेजारी सिमेंटचे नवे घर उभे असते. ओट्यावर कोणी तांदूळ निवडीत बसलेले असते; दारापुढे सडा घालून रांगोळी काढलेली असते. अनोळखी माणूस दिसला, की ओट्यावरचा म्हातारा चष्मा वर करून विचारतो, "कोणाकडे जायचं आहे, बाबू?" रुंद रस्त्यावर असा प्रश्न कोणी कोणास विचारीत नाही. गल्लीत मात्र चालणारा माणूस हा थोडाफार प्रत्येक घरचाच पाहुणा असतो.

नव्या वस्तीत राहणाऱ्यास वाटते, की पूर्वीच्या लोकांस नगररचनेचे ज्ञान नसावे. म्हणूनच त्यांनी रस्ते इतके अरुंद ठेवले. विचार करता असे दिसून येते, की या अरुंदपणामागे सबळ कारणे होती. पहिले कारण जागेचे. तट एकदा बांधला, की आतील जमीन वाढत नाही. माणसे मात्र वाढत जातात. तेव्हा रस्त्यासाठी सोडलेला प्रत्येक हात घरासाठी कमी पडतो. दुसरे कारण वाहनांचे. त्या काळी माणसे पायी चालत आणि ओझे बैलगाडीने किंवा पाठीवरून नेत. त्यांना रुंद सडकेची गरज नव्हती. तिसरे कारण संरक्षणाचे. शत्रू दरवाजा फोडून आत आला, तरी वळणावळणाच्या गल्लीत त्याच्या घोडदळास एकदम धाव घेता येत नाही.

चौथे कारण उन्हाचे, आणि चांद्यास ते फार महत्त्वाचे आहे. वैशाखात येथे पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढतो. उघड्या रुंद रस्त्यावर तेव्हा दिवसभर ऊन भाजून काढते. गल्लीत मात्र सकाळी पूर्वेकडच्या घरांची सावली पडते आणि दुपार कलल्यावर पश्चिमेकडच्या घरांची. सूर्य डोक्यावर असतो तेवढाच वेळ ऊन तिच्या जमिनीपर्यंत पोहोचते. एका घराने शेजारच्या घरास दिलेली ही सावली आहे. तिच्यासाठी कोणास काही मोजावे लागत नाही.

ही युक्ती चांद्याच्याच लोकांस सुचली असे नाही. युरोपच्या दक्षिणेस आणि आफ्रिकेच्या उत्तरेस भूमध्य समुद्र पसरला आहे. त्याच्या काठची जुनी गावे पाहण्यासाठी जगभरचे प्रवासी जातात. तेथील उन्हाळाही कडक आणि कोरडा असतो. म्हणून तेथेही घरे एकमेकांस बिलगून बांधलेली, भिंती पुष्कळ ठिकाणी चुन्याने पांढऱ्या केलेल्या आणि गल्ल्या सावलीपुरत्या अरुंद असतात. क्रोएशिया देशात, भूमध्य समुद्राचीच शाखा असलेल्या एड्रियाटिक समुद्राच्या काठी दुब्रोव्हनिक नावाचे असेच एक नगर आहे. त्याच्या दगडी तटाची लांबी १,९४० मीटर आहे. तटाच्या आत एक मोठा रस्ता आणि त्यास दोन्ही अंगांनी येऊन मिळणाऱ्या, पायऱ्यापायऱ्यांच्या कित्येक चिंचोळ्या गल्ल्या आहेत. तेथे समुद्र आहे, चांद्यास दोन नद्या आहेत. तेथील व्यापारी गलबतांतून माल आणीत, येथे बैलगाड्यांतून येई. दोन्ही नगरांतील लोकांस एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते. तरी सारख्या उन्हाने आणि सारख्या भयाने त्यांस सारखीच गल्ली बांधावयास शिकवले.

पूर्वेकडच्या गल्ल्यांतून चालत गेले, की अचलेश्वर दरवाजा येतो. या दरवाज्याजवळच गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत राजा बीरशाहाची समाधी सर्वांत देखणी. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी चांद्याचे जे थोर नाव गाजले, ते त्याच्या राणीचे, राणी हिराईचे. राजाचा घात झाल्यावर ती दुःखाने खचून गेली नाही. दत्तक पुत्र रामशाह लहान होता. त्याच्या नावाने तिने राज्याचा कारभार सांभाळला. पतीची समाधी तिनेच बांधविली आणि महाकालीचे मंदिरही तिनेच उभारले असे सांगतात. चैत्रात महाकालीची मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, हजारो भाविक येतात आणि झरपटीच्या काठी उतरतात. एरवी शांत असलेल्या या वाटा तेव्हा रात्रंदिवस जाग्या असतात.

तटाने नगराचे रक्षण किती केले, याचाही हिशेब पाहिला पाहिजे. १७५१ साली गोंड राजांची सत्ता संपून चांदा नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेला. त्यानंतर १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांची फौज तोफा घेऊन तटाबाहेर उभी राहिली. किल्लेदार गंगासिंग याने शरण जाण्याचे नाकारले. तोफांच्या माऱ्याने तटास खिंडार पडले, फौज आत घुसली आणि लढता लढता किल्लेदार कामी आला. ज्या काळी तलवार आणि भाला ही शस्त्रे होती, त्या काळासाठी बांधलेला तट तोफेपुढे टिकला नाही. त्या दिवशी धोक्याची जागा खिंडाराची होती.

त्यानंतर तटावर कोणी चालून आले नाही. आणि येथूनच त्याचा खरा कठीण काळ सुरू झाला. शत्रू उरला नाही म्हणून पहारा उरला नाही. बुरुजांवर झुडपे माजली. वडा-पिंपळाच्या बिया दगडांच्या सांध्यांत रुजल्या आणि त्यांची मुळे भिंत आतून उकलू लागली. कोणी तटाला टेकून घर बांधले, कोणी घरातील केरकचरा त्याच्या पायाशी टाकला. शहर तटाबाहेर वाढत गेले. कोळशाच्या खाणी आल्या, वीजकेंद्र आले. नव्या वस्त्यांतील मुलांना खिडक्यांची नावेही ठाऊक नाहीशी झाली. हे कोणी वैराने केले नाही. 'आपले त्यात काय?' एवढाच विचार प्रत्येकाने केला. तोफेने एका ठिकाणी खिंडार पाडले होते. या उदासीनतेने तटाच्या साऱ्या फेऱ्याला धोक्याची जागा करून टाकले.

२०१७ साली मात्र एक आनंदाची गोष्ट घडली. चंद्रपुरातील इको-प्रो या संस्थेचे कार्यकर्ते फावडी, कुऱ्हाडी आणि टोपल्या घेऊन सकाळच्या वेळी तटाशी जमू लागले. झुडपे तोडावी, माती उपसावी, कचरा उचलावा, असे त्यांचे काम सुरू झाले. एक बुरूज मोकळा झाला, की ते पुढच्या बुरुजाकडे वळत. पाहणाऱ्यांस हे वेड वाटले असेल. कारण तट लांबच लांब आणि हात मूठभर. पण एक दिवस, दोन दिवस करता करता दोनशे दिवस झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी आपल्या 'मन की बात' या आकाशवाणीवरील भाषणात या दोनशे दिवसांच्या श्रमांचा गौरवाने उल्लेख केला. काम त्यानंतरही चालू राहिले. झाडोऱ्याखाली लपलेली तटावरची वाट उजेडात आली आणि लोकांस त्या वाटेने फिरवून आणण्याचा उपक्रमही सुरू झाला. ज्यांचे बालपण तटापासून हाकेच्या अंतरावर गेले, अशी माणसे आयुष्यात प्रथमच त्यावर चढली आणि तेथून त्यांनी आपल्याच गल्ल्या पाहिल्या.

दूरच्या दुब्रोव्हनिक नगरातही असेच घडले होते. तेथील नागरिकांनी १९५२ साली आपल्या जुन्या वास्तूंच्या मित्रमंडळाची स्थापना केली. तटावरून फिरण्यासाठी येणाऱ्या प्रवाशांकडून शुल्क घ्यावे आणि त्या पैशातून तटाची डागडुजी करावी, असा क्रम त्यांनी ठेवला. १९९१-९२ च्या युद्धात त्या नगरावर तोफगोळे पडले आणि शेकडो घरांची छपरे फुटली. लोकांनी छपरे पुन्हा कौलांनी शाकारली आणि गल्ल्या पूर्ववत वाहत्या केल्या. त्या नगरास आपला तट आपला वाटत होता, म्हणूनच हे शक्य झाले.

जुन्या गल्ल्या जशाच्या तशा ठेवाव्यात, असा आग्रह कोणी धरीत नाही. तेथे राहणाऱ्यांना स्वच्छ पाणी हवे, चांगली गटारे हवीत, आजाऱ्यास नेण्यासाठी वाट हवी. पडू आलेल्या घरात राहण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. परंतु सोयी करताना काय राखावयाचे, हे ठरवण्यासाठी जवळ काय आहे ते आधी माहीत असावे लागते. न पाहिलेली वस्तू कोणी राखीत नाही. म्हणून नगर राखण्याची पहिली पायरी म्हणजे त्यातून सावकाश चालणे.

मूलच्या एखाद्या मुलास घरच्या माणसांबरोबर चंद्रपुरास जाण्याचा योग येईल. काम संपेल आणि गाडीस अजून तासाभराचा अवकाश असेल. तो तास थांब्यावर बसून काढण्याऐवजी त्याने वडिलांचा हात धरून जटपुरा दरवाज्यातून आत जावे. एखाद्या गल्लीत वळावे. ओट्यावरच्या आजोबांना एखाद्या खिडकीची वाट विचारावी. सावलीसावलीने चालत, दगडांच्या सांध्यांत उगवलेल्या पिंपळाच्या रोपाकडेही लक्ष देत तटापर्यंत जावे. पुढे त्या मुलाने रोप उपटावयास हात लावला, तर राणीने सांगितलेला पहारा अजून जागा आहे, असे समजावे.

स्वाध्याय

१. मूलची माणसे शेकडो वेळा चंद्रपुरास जाऊनही त्यांनी जुने चंद्रपूर पाहिलेले नसेल, असे का म्हटले आहे?

२. चांद्याच्या तटाचे चार दरवाजे व पाच खिडक्या यांची नावे लिहा. खिडकी म्हणजे येथे काय?

३. जुन्या नगरांतील गल्ल्या अरुंद असण्याची चार कारणे तुमच्या शब्दांत सांगा.

४. राणीने राजास कोणता सल्ला दिला? पाठात 'धोक्याची जागा' कोणकोणत्या काळी कोणकोणती ठरली?

५. चांदा आणि दुब्रोव्हनिक या नगरांत सारखे काय आणि वेगळे काय, ते दोन रकान्यांत लिहा.

६. पुढील वाक्प्रचार वाक्यांत योजा : तग धरणे, कामी येणे, अंग चोरणे, कपाळाला आठ्या घालणे.

७. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या गल्लीतून, वेशीपासून किंवा घाटावरून सावकाश चालत जा. तिचे नाव कसे पडले, हे घरातील वडीलधाऱ्या माणसांस विचारा आणि दहा ओळी लिहा.